येशू आणि ईसा : बायबल, कुराण आणि चौदाशे वर्षांचा वाद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालचे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक वेळा सोबत कुणीतरी पुढे पाठवलेला व्हिडिओ असतो आणि खाली एकच ओळ : "याला काय उत्तर द्यायचं?" समोरच्याला गप्प करायला उपयोगी पडेल असे इथे फारसे सापडणार नाही. दोन्ही ग्रंथांत काय लिहिले आहे आणि ते मानणारे त्याचा अर्थ कसा लावतात, ते इथे मांडले आहे. एखादा युक्तिवाद कच्चा वाटला तर तो कोणत्याही बाजूचा असो, तसे स्पष्ट म्हटले आहे. वचने स्वतः पडताळता यावीत म्हणून अध्याय आणि ओवी किंवा आयत यांचे क्रमांक दिले आहेत. दोन्ही ग्रंथ मराठीत मिळतात.

१. बायबलमधले येशू आणि कुराणातले ईसा एकच का?

हो. दोन्ही ग्रंथ मरियेच्या त्याच मुलाबद्दल बोलतात. वाद आहे तो हा मुलगा कोण होता याबद्दल. मराठी ख्रिस्ती येशू म्हणतात, मुसलमान हजरत ईसा म्हणतात. अरबी बोलणारे ख्रिस्ती मात्र यसू म्हणतात, त्यामुळे अरबी जगात नुसत्या नावावरून बोलणाऱ्याचा धर्म कळतो.

२. मुसलमान येशूंना मानतात म्हणजे नेमके काय मानतात?

पुष्कळ काही. कुराणात ईसा हे नाव पंचवीसेक वेळा येते. एकोणिसावी सूरह (अध्याय) त्यांच्या आईच्या नावाने आहे, आणि नाव घेऊन उल्लेख झालेली मरियम ही कुराणातली एकमेव स्त्री. पुरुषाच्या स्पर्शावाचून जन्म (३:४७), आंधळ्यांना आणि कोडाने ग्रासलेल्यांना बरे करणे, मेलेल्यांना उठवणे (३:४९), 'मसीह' (अभिषिक्त, ख्रिस्त) ही पदवी, देवाने त्यांना आपल्याकडे उचलून घेणे (४:१५८) हे सगळे कुराणात आहे. ईसांचा अनादर करणारा माणूस मुसलमान राहू शकत नाही.

कुराण नाकारते त्या गोष्टी मुख्यतः दोन : ते देव किंवा देवाचे पुत्र असणे, आणि क्रूसावरचा मृत्यू. या दोन्ही गोष्टी ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातल्या आहेत. म्हणून "नव्वद टक्के तर सारखंच आहे" असे म्हणून विषय मिटत नाही.

इब्न इस्हाक यांनी लिहिलेल्या महंमद पैगंबरांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान इ. स. ६१५ च्या सुमारास हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भागात, ख्रिस्ती राजा नजाशीच्या आश्रयाला गेले. दरबारात त्यांच्यातल्या जाफरने मरियम सूरहचा आरंभ म्हणून दाखवला आणि राजाचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी मक्केहून आलेल्या विरोधकांनी मुद्दाम विचारायला लावले, ईसांबद्दल तुम्ही काय म्हणता? जाफर म्हणाला : देवाचा दास, त्याचा प्रेषित, त्याचा आत्मा आणि कुमारी मरियमकडे पाठवलेला त्याचा शब्द. राजाने जमिनीवरची काडी उचलली आणि म्हटले, ईसा याहून या काडीइतकेही वेगळे नाहीत. त्यावर त्याचेच सरदार नाराज होऊन पुटपुटू लागले. पुढचा सगळा वाद या प्रसंगात दिसतो. एकाला जे पुरेसे वाटते, तेच दुसऱ्याला अपुरे वाटते.

३. 'देवाचा पुत्र' म्हणजे देवाला बायको होती असे ख्रिस्ती मानतात का?

नाही, आणि कधीच मानले नाही. इ. स. ७८१ च्या सुमारास बगदादमध्ये खलिफा अल-महदी यांनी पूर्वेकडच्या चर्चचे प्रमुख तिमथी यांना नेमके हेच विचारले : तुझ्यासारखा शहाणा माणूस देवाने बायको केली आणि मुलगा जन्माला घातला असे कसे म्हणतो? तिमथी म्हणाले, असली निंदा कोण करेल? सूर्य आणि त्याचा प्रकाश, मन आणि त्यातून निघणारा शब्द, तसे पित्याचे आणि पुत्राचे नाते आहे, असे त्यांचे उत्तर होते. ही चर्चा दोन दिवस चालली, पुढे तिमथींनी ती लिहून ठेवली, आणि आजही ती वाचण्यासारखी आहे. खलिफा सरळ विचारतो, तिमथी न घाबरता उत्तर देतात. महंमद पैगंबरांबद्दल विचारल्यावर "ते संदेष्ट्यांच्या वाटेने चालले" असे तिमथी आदराने म्हणतात, पण त्यांना संदेष्टा म्हणून स्वीकारत नाहीत.

कुराण "देवाला सहचरीच नाही, मग मूल कुठून?" असे विचारते (६:१०१) तेव्हा शारीरिक अर्थाचे अपत्य नाकारले जाते, आणि तेवढ्यावर ख्रिस्तीही राजी आहेत. पण वाद तिथे संपला असे समजू नये. ११२ वी सूरह सांगते, "त्याने कोणाला जन्म दिला नाही, तो कोणापासून जन्मला नाही." मुसलमानांना सूर्य-प्रकाशाचा दाखलाही मान्य नसतो. देवाच्या एकत्वात कोणत्याही अर्थाने नाते आणायचे नाही, ही त्यांची तौहीदची भूमिका आहे.

४. त्रैक्य म्हणजे तीन देवच ना? आणि कुराणात त्यात मरिया कशी आली?

ख्रिस्ती शिकवण अशी : देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्या एका देवातल्या तीन व्यक्ती. तीन देव म्हणणारा माणूस ख्रिस्ती मतानेही पाखंडी ठरतो. "हे इस्राएला, ऐक, आपला प्रभू देव एकच आहे" हे वचन येशूंनी स्वतः सर्वांत मोठी आज्ञा म्हणून सांगितले आहे (मार्क १२:२९).

कुराण ४:१७१ मध्ये "तीन म्हणू नका" आणि ५:७३ मध्ये "अल्लाह तिघांतला तिसरा आहे असे म्हणणाऱ्यांनी कुफ्र (देवाचा नकार) केले" असे येते. ख्रिस्ती वाचक म्हणतो, हे आमचे मत नव्हेच. मुस्लिम अभ्यासक उत्तर देतात, तुम्ही शब्द कितीही जपून वापरा, सामान्य माणसाच्या मनात व्यवहारात जे उरते त्यावर कुराण बोट ठेवते.

मरियेचा उल्लेख ५:११६ मध्ये आहे. अल्लाह ईसांना विचारतो, "मला आणि माझ्या आईला देव माना असे तू लोकांना सांगितलेस का?" ईसा ते नाकारतात. इथे त्रैक्य हा शब्द नाही. पिता-माता-पुत्र असे त्रैक्य कुराण ख्रिस्ती लोकांच्या गळ्यात बांधते, असे म्हणणे म्हणूनच घाईचे आहे. देवाबरोबर आणखी कोणाची उपासना होते का, असा प्रश्नाचा रोख आहे. चौथ्या शतकातले बिशप एपिफानियस अरबस्तानात मरियेला भाकरीचा नैवेद्य दाखवणाऱ्या स्त्रियांबद्दल तक्रार करतात. म्हणजे अशा प्रथेची चीड चर्चमध्येही होती.

वसई आणि वांद्र्याचे वाचक इथे हमखास माउंट मेरीच्या जत्रेबद्दल विचारतात. कॅथलिक शिकवणीत मरियेला मान दिला जातो आणि तिच्याकडे मध्यस्थीची विनंती केली जाते. आराधना फक्त देवाची. प्रॉटेस्टंटांना ही रेघ पुसट वाटते, मुसलमानांना ती दिसतच नाही. सप्टेंबरात त्या टेकडीवर मेणबत्त्या घेऊन चढणाऱ्यांत मात्र सगळ्या धर्मांचे लोक असतात.

५. "मी देव आहे, माझी उपासना करा" असे येशू बायबलमध्ये कुठे म्हणाले?

या शब्दांत कुठेही नाही. ख्रिस्ती माणसाने हे आधी मोकळेपणाने मान्य करावे. हा प्रश्न सभांतून जगभर नेला तो मुस्लिम वक्ते अहमद दीदात यांनी. त्यांचा जन्म १९१८ चा, सुरत जिल्ह्यातल्या तडकेश्वरचा; लहानपणीच ते दक्षिण आफ्रिकेत गेले.

पण प्रश्नाच्या आत एक गृहीतक दडलेले आहे. कुराणात देव स्वतः बोलतो, म्हणून मुसलमान वाचक सवयीने थेट विधान शोधतो. शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधली येशूंची चार चरित्रे, ही घडलेल्या गोष्टींची कथने आहेत. तिथे येशू काय करतात आणि बघणारे त्यावर काय म्हणतात, यातून दावा उभा राहतो. मार्कचा दुसरा अध्याय उघडा. कफर्णहूमच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. चौघे जण छप्पर उसकटून पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेसकट खाली सोडतात. येशू त्याला आधी बरे करत नाहीत. ते म्हणतात, "मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." तिथे बसलेले शास्त्री मनात म्हणतात, एका देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? येशू ते ओळखतात आणि "मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हाला समजावे म्हणून" असे म्हणून त्या माणसाला उठवतात. मुस्लिम उत्तर : अधिकार दिलेला आहे, मूळचा नाही, मत्तय ९:८ मध्ये लोक "माणसांना असा अधिकार देणाऱ्या देवाचे" गौरव करतात. उत्तर वजनदार आहे. ख्रिस्ती म्हणतात, शास्त्र्यांचा आक्षेप येशूंनी खोडला नाही, उलट तो अंगावर घेतला.

दुसरी जागा खटल्याची, मार्क १४:६१-६४. महायाजक विचारतो, "धन्यवादित देवाचा पुत्र ख्रिस्त तो तूच काय?" येशू म्हणतात, "मी आहे", आणि मेघांसह येणाऱ्या मनुष्याच्या पुत्राबद्दल बोलतात. तो संदर्भ दानीएल ७:१३-१४ चा, जिथे सगळी राष्ट्रे त्या पुत्राची सेवा करतात. महायाजक कपडे फाडतो.

योहानाच्या शुभवर्तमानात भाषा आणखी उघड आहे : "अब्राहामाचा जन्म झाल्यापूर्वी मी आहे" (८:५८), आणि लोक धोंडे उचलतात, "माझा प्रभू आणि माझा देव" असे शिष्य थोमा म्हणतो (२०:२८). थोमाच्या तोंडून नुसता आश्चर्याचा उद्गार निघाला, असे काही वक्ते सांगतात. ते टिकत नाही. "त्याने येशूला म्हटले" असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. मुस्लिम बाजूचा भक्कम आधार दुसरीकडे आहे. योहान १७:३ मध्ये येशू पित्याला "एकच खरा देव" म्हणतात, आणि २०:१७ मध्ये "माझा देव आणि तुमचा देव" म्हणतात. थोमाचे वचन त्यानंतर अकराच ओव्यांवर आहे. प्रामाणिक वाचकाने दोन्ही एका बैठकीत वाचावीत.

६. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" आणि "ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही" : यांचे ख्रिस्ती काय करतात?

ही वचने (योहान १४:२८, मार्क १३:३२) लपवलेली नाहीत, दर वर्षी चर्चमध्ये वाचली जातात. फिलिप्पै २:६-११ मध्ये प्रेषित पौल लिहितो की जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, क्रूसावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली. इ. स. ४५१ मध्ये खाल्केदोनच्या परिषदेने हे सूत्रात बांधले : एक व्यक्ती, दोन स्वभाव, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. त्यामुळे भूक, थकवा, अश्रू आणि अज्ञान माणूसपणाकडे जातात.

मुसलमानाला ही सोय वाटते : अडचणीचे वचन आले की माणूसपणाच्या खात्यात टाकायचे. "ती दोघे अन्न खात असत" (५:७५) या कुराणाच्या मोजक्या शब्दांत तो सगळा आक्षेप आहे. याला ख्रिस्ती उत्तर तर्काचे नाहीच. ते म्हणतात, देव भुकेला झाला हीच तर सुवार्ता.

"योहान उशिराचा, तो बाजूला ठेवा" असे सांगणाऱ्यांसाठी एक तारीख. फिलिप्पैकरांचे पत्र इ. स. ५० ते ६५ च्या दरम्यानचे, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कच्याही आधीचे. येशूंविषयीचा मोठा दावा नंतर कोणीतरी चढवला, हे म्हणणे तारखांत बसवणे कठीण आहे. तो दावा खरा की खोटा, हा वेगळा प्रश्न.

७. कुराणच ईसांना 'अल्लाहचा शब्द' म्हणते. मग देवत्व सिद्ध झाले नाही का?

ख्रिस्ती वक्त्यांचा हा आवडता मुद्दा आणि फार जुना. आठव्या शतकात दमास्कसच्या योहान या ख्रिस्ती धर्मपंडिताने विचारले होते : ख्रिस्त देवाचा शब्द आणि आत्मा आहे असे तुम्ही म्हणता, मग तो देवापासून वेगळा काढला तर देव शब्दावाचून उरत नाही का?

पण ४:१७१ ही पूर्ण आयत वाचली की हा मुद्दा फसतो. जिथे ईसांना अल्लाहचा शब्द म्हटले आहे, त्याच आयतीत "तीन म्हणू नका" आणि "मूल असण्यापासून तो पवित्र आहे" असेही आहे. कोणत्याही ग्रंथाचे अर्धे वाक्य उचलून उरलेल्या अर्ध्याच्या विरुद्ध वापरणे योग्य नाही. मुस्लिम अर्थ ३:५९ मध्ये आहे : ईसांचे उदाहरण आदमसारखे; देवाने "हो" म्हटले आणि तो झाला. त्या आज्ञेने झालेला, म्हणून शब्द. जेरुसलेममधल्या 'डोम ऑफ द रॉक' या हिजरी ७२ (इ. स. ६९१-९२) च्या वास्तूत, आतल्या कमानींवर ४:१७१ हीच आयत मोझेइकमध्ये लिहिलेली आहे. ख्रिस्ती बहुसंख्य शहरात खलिफा अब्दुल मलिक यांनी ती मुद्दाम तिथे घातली, हे उघड आहे.

दमास्कसच्या योहानाचा प्रश्न मात्र वाया गेला नाही. देवाचे वचन निर्माण केलेले की अनादि, यावर मुस्लिमांमध्येच पुढे मोठा वाद पेटला, आणि तो कुराणाविषयी होता. ८३३ मध्ये खलिफा मामून यांनी "कुराण निर्मित आहे" हे मत सक्तीने वदवून घ्यायला सुरुवात केली. अहमद इब्न हनबल यांनी नकार दिला, पुढच्या खलिफाच्या काळात फटके खाल्ले आणि शेवटी त्यांचेच मत टिकले : देवाचे वचन अनादि. म्हणून येशू आणि महंमद पैगंबर, बायबल आणि कुराण अशी जोडी लावणे मला अपुरे वाटते. ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा अनादि शब्द देह धारण करतो, इस्लाममध्ये तो पठणातून उतरतो. येशूंची खरी जोडी कुराणाशी लागते. हे ध्यानात आले की पाचव्या प्रश्नातली अर्धी चकमक का झाली ते कळते.

८. येशूंना देव ठरवले ते निकीयाच्या परिषदेत मतदानाने, हे खरे का?

नाही. ३२५ मध्ये निकीयाला जमलेल्या बिशपांपुढचा प्रश्न एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीचा होता, आणि एरियससुद्धा येशूंना नुसता माणूस म्हणत नव्हता. जगाच्या आधी निर्माण झालेला, ज्याच्याद्वारे जग झाले असा पुत्र, असे तो मानत असे. पुत्र पित्याच्या "एकाच सत्त्वाचा" आहे हे परिषदेने ठरवले. बायबलमधली पुस्तके कोणती, हा विषय तिथे झालाच नाही. त्याच्या दोनशे वर्षे आधी, ११२ च्या सुमारास, धाकटा प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव समजून स्तोत्र गातात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, तो त्यांची चौकशी करणारा अधिकारी होता.

९. येशू क्रूसावर मेले की नाही?

कुराण ४:१५७ : "त्यांनी त्याला मारले नाही, क्रूसावरही चढवले नाही, पण त्यांना तसे भासवले गेले." हे वाक्य मूळ अरबीतही अवघड आहे, आणि मुस्लिम भाष्यकारांनी त्याचे अनेक अर्थ केले. सर्वांत प्रचलित अर्थ : दुसऱ्या कोणाला ईसांचे रूप दिले गेले आणि तो मारला गेला. तबरी (मृत्यू ९२३) यांनी अशा कथा जमवल्या, त्या एकमेकींशी जुळत नाहीत. बाराव्या शतकात फखरुद्दीन राझी यांनी मोठ्या धैर्याने अडचण मांडली : देव एकाचे रूप दुसऱ्याला देऊ लागला, तर डोळ्यांनी पाहिलेल्या कशावर भरवसा ठेवायचा? मध्ययुगातल्या काही इस्माइली (शियांचा एक पंथ) लेखकांनी म्हटले की देह क्रूसावर गेला, खरा आत्मा त्यांच्या हाती लागला नाही. अहमदिया मत दहाव्या प्रश्नात पाहा.

कुराणातच ३:५५ आणि ५:११७ मध्ये ईसांबद्दल असा शब्द आहे जो इतरत्र मृत्यूसाठी वापरतात. बहुसंख्य मुस्लिम त्याचा अर्थ "पूर्ण ताब्यात घेणे" असा करतात. काहींनी नैसर्गिक मृत्यू मानला आहे.

ख्रिस्ती बाजूला इतिहासाचा आधार मजबूत आहे. चारही शुभवर्तमाने आणि रोमन इतिहासकार टॅसिटस पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या हातून झालेल्या मृत्युदंडावर एकमत आहेत; पौलाची पत्रेही क्रूसावरचा मृत्यू सांगतात. धर्माशी देणेघेणे नसलेले इतिहासकारही येशूंच्या चरित्रातली ही सर्वांत पक्की घटना मानतात. पण मुसलमान इथे साक्षीदारांच्या संख्येवर बोलतच नाही. लोकांना तसेच दिसले, हे आयतच मान्य करते. देव आपल्या निर्दोष प्रेषिताला शत्रूच्या हाती अपमानाने मरू देईल का, हा त्याचा प्रश्न आहे. ख्रिस्ती उत्तर देतो : हो, आणि त्यातच तारण आहे. हा फरक पुराव्याने मिटणारा नाही.

१०. येशूंची कबर काश्मीरमध्ये आहे का?

श्रीनगरच्या खानयार भागात रोजाबल नावाची दर्गा आहे. येशू क्रूसावरून जिवंत उतरले, काश्मीरला आले आणि तिथे वृद्धापकाळी वारले, हे मत अहमदिया चळवळीचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. सुन्नी, शिया आणि ख्रिस्ती या तिघांनाही ते अमान्य आहे. त्याला त्या काळातला कोणताही पुरावा नाही.

११. बायबल बदलले गेले आहे का?

"बदलले" म्हणजे काय, ते आधी विचारा. मुस्लिम परंपरेत दोन मते आहेत. एक, शब्द तेच आहेत पण अर्थ फिरवला. दुसरे, शब्दच बदलले. कोर्दोबाचे इब्न हज्म (मृत्यू १०६४) यांनी याची मोठी मांडणी केली. आपल्याकडे सर सय्यद अहमद खान यांनी बायबलवर भाष्य लिहिताना पहिल्या मताकडे कौल दिला. कुराण ५:४७ इंजीलवाल्यांना (ख्रिस्ती लोकांना) "त्यात जे उतरले त्याप्रमाणे निवाडा करा" असे सांगते. सातव्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांच्या हाती असलेला ग्रंथ आज माहीत आहे, कारण त्याच्याही तीनशे वर्षे आधीच्या जवळजवळ संपूर्ण हस्तलिखित प्रती आहेत. म्हणजे पैगंबरांच्या काळानंतर ग्रंथ बदलला, हे म्हणणे टिकत नाही. त्याआधी बदलला असे म्हणता येते, आणि मुस्लिम अभ्यासक तसेच म्हणतात. शिवाय त्यांच्या मते इंजील हा ईसांवर उतरलेला ग्रंथ. मत्तय, मार्क, लूक, योहान ही त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेली पुस्तके.

ख्रिस्ती बाजूनेही काही गोष्टी सरळ मान्य कराव्या लागतात. मार्कचा शेवट (१६:९-२०) आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ७:५३-८:११) सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत. १ योहान ५:७ मधले "पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, हे तिघे एक आहेत" हे वाक्य तर जुन्या ग्रीक प्रतींत सापडतच नाही. ग्रीक नवा करार छापून काढणाऱ्या इरॅस्मसने पहिल्या दोन आवृत्त्यांत ते घेतले नव्हते, १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घेतले. त्रैक्याची शिकवण त्यावर उभी नाही, कारण ती त्याच्या कितीतरी आधीची. तरी हे वाक्य पुरावा म्हणून पुढे करणे आता थांबवायला हवे.

१२. महंमद पैगंबरांचे भाकीत बायबलमध्ये आहे का?

कुराण ७:१५७ आणि ६१:६ असे सांगतात, म्हणून मुस्लिमांनी ते शोधणे स्वाभाविक आहे. दोन जागा नेहमी पुढे येतात.

अनुवाद (बायबलच्या जुन्या करारातले एक पुस्तक) १८:१८ : मोशेसारखा संदेष्टा "त्यांच्या भाऊबंदांतून" उभा करीन. मुस्लिम म्हणतात, इस्राएलाचे भाऊबंद म्हणजे इश्माएलाचे वंशज; आणि कायदा देणारा, लोकांचे नेतृत्व करणारा मोशेसारखा कोण, तर पैगंबर. दुसरा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पहिला अडतो, कारण एकच अध्याय आधी (१७:१५) "भाऊबंदांतून राजा नेमा, परका नको" असे आहे आणि तिथे भाऊबंद म्हणजे इस्राएलीच. ख्रिस्ती हे वचन येशूंना लावतात (प्रेषितांची कृत्ये ३:२२).

योहान १४ ते १६ : येशू "दुसरा कैवारी" येईल असे म्हणतात. "तो आपल्या मनचे सांगणार नाही, जे ऐकेल तेच सांगेल" (१६:१३) हे मुस्लिम वाचकाला वहीचे, म्हणजे देवाकडून उतरणाऱ्या संदेशाचे, अचूक वर्णन वाटते. आठव्या शतकात इब्न इस्हाक यांनी योहानातला हा कैवारी पैगंबरांना लावला होता. पण १४:१७ मध्ये तो जगाला दिसत नाही आणि शिष्यांच्या आत राहतो, आणि १४:२६ मध्ये त्याला नाव घेऊन "पवित्र आत्मा" म्हटले आहे. मूळ शब्द "स्तुत्य" असा होता आणि तो बदलला, या म्हणण्याला एकाही हस्तलिखिताचा आधार नाही.

१३. बर्णबाचे शुभवर्तमान खरे आहे का?

नाही, आणि मुस्लिमांनी ते वापरू नये. त्याची इटालियन प्रत व्हिएन्नात आहे, साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरची. येशू तिथे नावेतून नासरेथला जातात. नासरेथ डोंगरात आहे. शंभर वर्षांनी येणाऱ्या ज्युबिलीचा (पापक्षमेच्या पवित्र वर्षाचा) त्यात उल्लेख आहे, तो प्रकार पोपने १३०० साली सुरू केला. सर्वांत मोठी अडचण म्हणजे येशू मसीहा नाहीत असे त्यात म्हटले आहे, आणि ते खुद्द कुराणाच्या विरुद्ध जाते.

१४. असे वाद आपल्या देशात झाले आहेत का?

झाले आहेत, आणि एकाची सुरुवात गोव्यातून झाली. अकबराच्या बोलावण्यावरून रोदोल्फो अक्वाविवा, अंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रीक्स हे जेझुइट फादर गोव्याहून निघून १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी भेट दिलेल्या अनेक भाषांतल्या बायबलचे खंड अकबराने डोक्यावर ठेवले, असे मोन्सेरात सांगतात. चर्चा रात्री रंगत. बादशहाची अडचण तीच, पुत्रत्वाची. मौलवीने कुराण आणि फादरने बायबल घेऊन आगीत शिरावे, म्हणजे खरे-खोटे होईल, असाही प्रस्ताव आला. फादरनी देवाची परीक्षा पाहायला नकार दिला. अक्वाविवा गोव्याला परतले आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीत मारले गेले. तिथे कारण वेगळे होते : देवळे पाडणाऱ्या पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा गावकऱ्यांचा संताप.

मुंबईत १८३० च्या दशकात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि हाजी महंमद हाशिम यांच्यात छापील पुस्तकांतून वाद झाला. विल्सन कॉलेज याच विल्सनांच्या नावाने आहे.

सर्वांत गाजलेला वाद आग्र्याचा, एप्रिल १८५४. एका बाजूला जर्मन मिशनरी फांडर, दुसऱ्या बाजूला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि त्यांचे साथीदार डॉ. वजीर खान. फांडर जुन्या पठडीत तयार झालेले. वजीर खान यांनी मात्र युरोपातल्याच बायबल समीक्षकांची पुस्तके वाचून ठेवली होती. बायबलच्या प्रतींत फरक आहेत हे फांडर यांना भर सभेत मान्य करावे लागले. विषयपत्रिकेत त्रैक्य होते, येशूंचे देवत्व होते. दोन दिवस ग्रंथ रद्द झाला का आणि बदलला का यावरच गेले आणि सभा मोडली. ज्यासाठी माणसे जमली, तो विषय निघालाच नाही. १८५७ नंतर कैरानवींची मालमत्ता जप्त झाली, ते मक्केला गेले, आणि पुढे इस्तंबुलमध्ये त्यांनी लिहिलेला ग्रंथ जगभरच्या मुस्लिम वक्त्यांचा आधार झाला. दीदातही त्यातूनच घडले. आजच्या व्हिडिओंतले निम्मे मुद्दे त्या दोन दिवसांतले आहेत.

१५. दोघांचा देव एकच का?

अरबी ख्रिस्तीही देवाला अल्लाहच म्हणतात. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने मुसलमान "एकच जिवंत देवाची" उपासना करतात असे म्हटले आणि ते येशूंना देव न मानता संदेष्टा म्हणून मान देतात याचीही नोंद घेतली. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना पत्र लिहून देवावरचे आणि शेजाऱ्यावरचे प्रेम हा समान पाया सुचवला. काही इव्हँजेलिकल ख्रिस्ती याला "नाही" म्हणतात. माझे मत : देव एकच, त्याच्याविषयीची साक्ष वेगळी. तिमथी आणि अल-महदी यांनीही तेच गृहीत धरून दोन दिवस वाद घातला.

१६. येशू पुन्हा येणार, हे दोघेही मानतात का?

हो. ख्रिस्ती मतात ते न्यायाधीश म्हणून येतील. बुखारी आणि मुस्लिम या दोन संग्राहकांच्या हदीससंग्रहांत (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत) मरियमचा पुत्र न्यायी शासक म्हणून उतरेल आणि क्रूस मोडेल असे आहे. म्हणजे वाट एकाचीच पाहायची, आणि त्याने आल्यावर काय करावे याबद्दल अपेक्षा उलट.

१७. मला स्वतः वाचायचे आहे. सुरुवात कुठून करू?

मार्कचे शुभवर्तमान पहिल्या ओवीपासून शेवटपर्यंत, एका बैठकीत. सोळा अध्याय आहेत, दीड तास पुरतो. मग योहानाचे अध्याय १, ८, १०, १४ ते १७ आणि २०, आणि फिलिप्पैचा दुसरा अध्याय. कुराणातली मरियम सूरह पूर्ण. नंतर आले-इम्रान (तिसरी सूरह) च्या आयती ३३ ते ६४, निसा (चौथी) च्या १५३ ते १७२, माइदा (पाचवी) च्या ७२ ते ७७ आणि १०९ ते १२०. मराठी अनुवादात कंसातले शब्द बहुधा अनुवादकाचे असतात, ते वेगळे ओळखा. आणि शक्य झाले तर मार्क एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याबरोबर, मरियम सूरह एखाद्या मुस्लिम शेजाऱ्याबरोबर वाचा. आपला ग्रंथ कोणी विचारून वाचतो आहे म्हटल्यावर नाही म्हणणारे लोक फार थोडे भेटतात.